मरण नाकारणाऱ्या पेशी

मनुष्याचे शरीर जिवंत राहते ते त्यातील असंख्य पेशी सतत मरत असतात म्हणून, हे विधान प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याचा संभव आहे. परंतु आतड्याच्या अस्तरातील पेशी काही दिवसांतच नष्ट होतात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेतात. त्वचेचा बाहेरचा थर सतत झडत असतो. रक्तातील तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. गर्भावस्थेत हातापायांची बोटे एकमेकांपासून सुटी होतात तीही त्यांच्यामधील पेशी ठरावीक वेळी नाहीशा झाल्यामुळेच. जन्म आणि मृत्यू यांचा हा ताळेबंद जोपर्यंत जुळलेला असतो तोपर्यंत अवयवाचा आकार कायम राहतो. ताळेबंद दोन प्रकारांनी बिघडू शकतो. एक तर पेशी प्रमाणाबाहेर जन्माला येतात, किंवा ज्यांनी मरावयास हवे त्या पेशी मरत नाहीत. कर्करोगाच्या अभ्यासात दीर्घकाळपर्यंत पहिल्या कारणाकडेच संशोधकांचे लक्ष लागलेले होते. दुसऱ्या कारणाचे महत्त्व विसाव्या शतकाच्या अखेरच्या तीन दशकांत हळूहळू उलगडत गेले, आणि या उलगड्यात पुरुषाच्या शरीरातील एका लहानशा ग्रंथीचा वाटा फार मोठा आहे.

ही ग्रंथी म्हणजे प्रोस्टेट. मराठी वैद्यकीय परिभाषेत तिला अष्ठीला किंवा पुरःस्थ ग्रंथी असे म्हणतात. मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून बसलेली, साधारणपणे अक्रोडाएवढी ही ग्रंथी वीर्यातील द्रवाचा काही भाग निर्माण करते. उतारवयात तिच्यात होणारा कर्करोग पुष्कळदा मंदगती असतो. अन्य कारणांनी मृत्यू आलेल्या अनेक वृद्धांच्या शवविच्छेदनात या रोगाची लहान केंद्रे आढळतात, आणि हयातीत त्यांना त्याची जाणीवही झालेली नसते. परंतु या रोगाचे दुसरे रूप आक्रमक आहे. ते ग्रंथीची मर्यादा ओलांडून लसीका ग्रंथींत आणि हाडांत शिरते व उपचारांना जुमानत नाही. २०२२ या एका वर्षात जगभर या कर्करोगाचे सुमारे १४ लाख ६७ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ३ लाख ९७ हजार रुग्ण त्याने दगावले, असा अंदाज आहे. पहिले रूप आणि दुसरे रूप यांत नेमका भेद कोणता, या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग पेशींच्या मरणात, किंवा अधिक अचूक शब्दांत सांगावयाचे तर त्यांच्या न मरण्यात, सापडतो.

हार्मोनवर जगणारी ग्रंथी

प्रोस्टेट ग्रंथीचे अस्तित्व वृषणांवर अवलंबून असते, ही गोष्ट नवी नाही. इंग्लंडमधील विख्यात शल्यविशारद जॉन हंटर यांनी अठराव्या शतकातच खच्ची केलेल्या प्राण्यांत ही ग्रंथी लहान राहते असे नमूद करून ठेवले होते. तथापि या निरीक्षणाचा कर्करोगाशी संबंध जोडण्याचे श्रेय शिकागो विद्यापीठातील चार्ल्स हगिन्स यांच्याकडे जाते. १९४१ मध्ये हगिन्स आणि त्यांचे सहकारी क्लॅरेन्स हॉजेस यांनी असे दाखवून दिले की, हाडांत पसरलेल्या प्रोस्टेट-कर्करोगाच्या रुग्णांची वृषणे काढून टाकली, किंवा त्यांना स्त्री-हार्मोन टोचले, तर रोगाला उतार पडतो. रक्तातील ॲसिड फॉस्फेटेज या एंझाइमाचे प्रमाण मोजून त्यांनी हा उतार सिद्ध केला. हाडांच्या वेदनांनी अंथरुणाला खिळलेले काही रुग्ण थोड्याच दिवसांत उठून चालू लागले. त्या काळी कर्करोग हा पूर्णतः स्वयंशासित आहे, शरीराच्या नियमांशी त्याला काही देणेघेणे नाही, अशी समजूत होती. हगिन्स यांच्या प्रयोगाने या समजुतीला धक्का दिला. या कार्याबद्दल त्यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

परंतु हे यश अपुरे होते. बहुसंख्य रुग्णांमध्ये काही महिन्यांनी अथवा काही वर्षांनी रोग परत येई, आणि परत आलेला रोग वृषणांच्या अभावाची पर्वा करीत नसे. अधिवृक्क ग्रंथींतूनही थोडेफार पुरुष-हार्मोन स्रवते हे लक्षात घेऊन हगिन्स यांनी १९४५ मध्ये काही रुग्णांच्या त्या ग्रंथीही काढून पाहिल्या. त्या ग्रंथींच्या अन्य हार्मोनांची उणीव भरून काढण्याची साधने त्या वेळी उपलब्ध नसल्यामुळे हा मार्ग पुढे जाऊ शकला नाही. त्यामागील विचार मात्र बरोबर होता, हे ठरावयास पुढे साठाहून अधिक वर्षे जावी लागली.

पानगळीवरून पडलेले नाव

हार्मोन काढून घेतल्यावर प्रोस्टेटच्या पेशींचे नेमके काय होते? त्या उपासमारीने खंगून मरतात, असे उत्तर सहज सुचेल. पण ते चुकीचे आहे. खरे उत्तर मिळण्यासाठी १९७२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी जॉन केर, अँड्र्यू वायली आणि ॲलॅस्टेअर करी या तिघा विकृतिविज्ञान-तज्ज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. केर हे ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनचे, तर बाकीचे दोघे स्कॉटलंडमधील ॲबर्डीन विद्यापीठातील. इजा झालेली किंवा रक्तपुरवठा तुटलेली पेशी फुगते, फुटते आणि आतील द्रव्ये बाहेर सांडून आजूबाजूला दाह उत्पन्न करते. हा ऊतकमृत्यू वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत होता. या तिघांनी वर्णन केलेले मरण अगदी निराळे होते. त्यात पेशी आक्रसते, तिचे केंद्रक घट्ट होऊन त्याचे तुकडे पडतात, पृष्ठभागावर बुडबुड्यांसारखे फुगवटे येतात आणि अखेर ती लहान लहान गाठोड्यांत विभागली जाते. शेजारच्या पेशी ही गाठोडी गिळून टाकतात. दाह होत नाही, मागे व्रणही राहत नाही. ॲबर्डीन येथील ग्रीक भाषेच्या एका प्राध्यापकाच्या सूचनेवरून या क्रियेला ॲपॉप्टोसिस हे नाव देण्यात आले. झाडाची पाने किंवा फुलाच्या पाकळ्या गळून पडणे, असा त्या ग्रीक शब्दाचा अर्थ आहे.

लगेच पुढच्या वर्षी, १९७३ मध्ये, केर आणि त्यांचे सहकारी जेफ्री सर्ल यांनी वृषणे काढलेल्या उंदरांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा अभ्यास केला. ग्रंथी आक्रसत असताना तिच्यातील पेशी याच पानगळीच्या रीतीने नाहीशा होतात, असे त्यांना आढळले. म्हणजे हार्मोनचा अभाव पेशीला ठार मारीत नाही. तो पेशीला मरणाचा आदेश देतो आणि पेशी तो अंमलात आणते. मरणाची साधने तिच्यातच तयार असतात. हे लक्षात घेतले म्हणजे मूळ प्रश्न निराळ्या रीतीने मांडता येतो. जी पेशी हार्मोनच्या अभावीही मरत नाही, तिने एक तर आदेश येण्याचा मार्ग बंद केला असला पाहिजे, किंवा आदेश अंमलात आणणारी यंत्रणाच मोडून टाकली असली पाहिजे.

मरणाची यंत्रणा

ही यंत्रणा प्रथम स्पष्ट झाली ती एका सूक्ष्म गोलकृमीत. सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या नावाचा हा कृमी वाढत असताना त्याच्या शरीराच्या १,०९० पेशी तयार होतात आणि त्यांतील नेमक्या १३१ पेशी ठरलेल्या वेळी मरतात. या मरणाचे नियंत्रण करणारी जनुके शोधून काढणाऱ्या संशोधनाला २००२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. सिडनी ब्रेनर, रॉबर्ट हॉर्व्हिट्झ आणि जॉन सल्स्टन हे त्याचे मानकरी होत. याच जनुकांशी नाते सांगणारी जनुके मनुष्यातही असल्याचे दिसून आले.

मनुष्याच्या पेशीत मरणाचा निर्णय बहुधा मायटोकॉन्ड्रिया या कणांच्या पृष्ठभागावर होतो. पेशीला लागणारी ऊर्जा निर्माण करणे हे या कणांचे नित्याचे काम. त्यांच्या बाह्य पटलाभोवती प्रथिनांचे दोन पक्ष उभे असतात. बॅक्स आणि बॅक ही प्रथिने पटलाला छिद्रे पाडण्याच्या तयारीत असतात; बीसीएल-२ आणि त्याची भावंडे त्यांना रोखून धरतात. मारक पक्ष वरचढ झाला की पटलाला छिद्रे पडतात आणि सायटोक्रोम-सी नावाचे प्रथिन बाहेर येते. ते बाहेर आले की एक चक्राकार रचना तयार होते आणि तिच्यावर कॅस्पेज या गटातील एंझाइमे जागी होतात. ही एंझाइमे एकामागून एक पेशीतील प्रथिने कापीत सुटतात, आणि केंद्रकातील डीएनएचेही तुकडे पडतात. सायटोक्रोम-सीची ही दुहेरी भूमिका १९९६ मध्ये उघड झाली. जो पदार्थ पेशीच्या श्वसनाला आवश्यक आहे, तोच जागा सोडताच तिच्या मरणाचा संकेत बनतो.

यांतील बीसीएल-२ या प्रथिनाचा इतिहास बोधप्रद आहे. १९८४ मध्ये त्याचे जनुक लसीका पेशींच्या एका कर्करोगात सापडले. तोपर्यंत माहीत असलेली कर्करोगकारक जनुके पेशींचे विभाजन वाढविणारी होती. म्हणून हेही त्यांपैकीच एक असावे अशी अपेक्षा होती. परंतु मेलबर्न येथील संशोधकांनी १९८८ मध्ये असे दाखविले की, हे जनुक पेशीला विभाजनाला प्रवृत्त करीत नाही, केवळ मरू देत नाही. मरणाला अटकाव करणे हीसुद्धा कर्करोगाकडे जाणारी एक वाट असते, याचा हा पहिला ठोस पुरावा होता.

प्रतिकाराच्या वाटा

आता आक्रमक प्रोस्टेट-कर्करोगाकडे वळू. त्याच्या पेशी एकच युक्ती वापरीत नाहीत. त्यांच्या प्रतिकाराच्या प्रमुख वाटा पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिली वाट हार्मोनच्या संदेशाशी संबंधित आहे. पुरुष-हार्मोनाचा संदेश पेशीतील एक ग्राही प्रथिन स्वीकारते आणि केंद्रकात पोहोचविते. उपचारांमुळे रक्तातील हार्मोन अत्यल्प झाले तरी काही पेशी या ग्राही प्रथिनाच्या जनुकाच्या अनेक प्रती तयार करतात. मग अल्पस्वल्प हार्मोनही त्यांना पुरेसे होते. काही पेशी हार्मोन स्वतःच तयार करू लागतात. आणखी काहींत ग्राही प्रथिनाचा हार्मोनला धरणारा भागच गळालेला असतो, आणि हे तोकडे प्रथिन हार्मोनवाचूनही काम चालू ठेवते. सर्वांत चमत्कारिक प्रकार ग्राही प्रथिनाच्या रचनेतील सूक्ष्म बदलाचा होय. एका बदलामुळे फ्लुटामाइड हे हार्मोनला विरोध करणारे औषधच हार्मोनसारखे काम करू लागते. औषध बंद केल्यावर रोगाला उतार पडलेले रुग्ण १९९० नंतरच्या दशकात डॉक्टरांच्या पाहण्यात आले, त्याचे एक कारण हे होते.

दुसरी वाट बीसीएल-२ची. निरोगी ग्रंथीत पेशींचे दोन थर असतात. आतल्या बाजूच्या स्रावक पेशी हार्मोनच्या अभावी मरतात; तळाशी असलेल्या पेशी मात्र टिकून राहतात आणि हार्मोन पुन्हा मिळताच ग्रंथी पूर्ववत उभी राहू शकते. १९९२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथील संशोधकांनी असे दाखविले की, बीसीएल-२ हे प्रथिन तळाच्या पेशींत आढळते, स्रावक पेशींत आढळत नाही. परंतु हार्मोन-उपचारांना न जुमानणाऱ्या कर्करोगाच्या पेशींत ते मोठ्या प्रमाणात असते. या निरीक्षणाचा अर्थ खोल आहे. कर्करोगाची पेशी प्रतिकाराचे नवे शस्त्र घडवीत नाही. ग्रंथीचे बीज राखण्यासाठी निसर्गाने ज्या पेशींना कवच दिले होते त्यांचेच कवच ती अनधिकाराने अंगावर चढविते.

तिसरी वाट पीटीईएन या जनुकाच्या नाशाची आहे. १९९७ मध्ये शोध लागलेल्या या जनुकाचे प्रथिन एखाद्या लगामाप्रमाणे काम करते. तो लगाम तुटला की एकेटी नावाचे एंझाइम सतत जागे राहते आणि मरणाची सूचना देणाऱ्या प्रथिनांना निष्प्रभ करते. त्यामुळे बाहेरून पोषक संदेश मिळत नसतानाही, तो मिळत आहे अशा थाटात पेशी वागते. चौथी वाट पी-५३ या प्रथिनाच्या बिघाडाची. डीएनएला इजा झाली असता पेशीचे विभाजन थांबविणे, आणि इजा दुरुस्त होण्यासारखी नसेल तर तिला मरणाकडे नेणे, हे या प्रथिनाचे काम. ते नाहीसे झाले की जखमी पेशीही जगत राहते आणि तिचे दोष पुढच्या पिढ्यांकडे जातात. रोग पसरलेल्या आणि हार्मोन-उपचार निष्फळ ठरलेल्या १५० रुग्णांच्या गाठींची जनुकीय तपासणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ग्राही प्रथिनाच्या जनुकात सुमारे ६३ टक्के, पी-५३च्या जनुकात सुमारे ५३ टक्के, तर पीटीईएनमध्ये सुमारे ४१ टक्के रुग्णांत बिघाड आढळला. म्हणजे एकाच गाठीत दोन किंवा तीन वाटा एकत्र येणे ही असामान्य गोष्ट नव्हे.

पाचवी वाट स्थानांतराची. सामान्य पेशी आपल्या जागेवरून सुटली, आधारपटलाशी तिचा संबंध तुटला, की ती आपण होऊन मरते. १९९४ मध्ये या मरणाला बेघरपणा सुचविणारे अनॉइकिस हे ग्रीक नाव मिळाले. जी पेशी हाडापर्यंत पोहोचते ती हे मरण टाळूनच तेथे आलेली असते. पुढे अस्थिमज्जेतील पेशी तिला वाढीचे संदेश पुरवितात आणि तिचा प्रतिकार अधिकच दृढ होतो.

प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या वाढविल्या जाणाऱ्या तीन पेशीवंशांत या वाटांचे नमुने एकत्र पाहावयास मिळतात. हे तिन्ही वंश १९७० नंतरच्या दशकात रुग्णांच्या शरीरांतील दूरच्या गाठींपासून मिळविण्यात आले. लसीका ग्रंथीतून घेतलेल्या एलएनकॅप वंशात पी-५३ शाबूत आहे, पण पीटीईएन निकामी झालेले आहे आणि ग्राही प्रथिनाची रचना बदललेली आहे. हाडातून घेतलेल्या पीसी-३ वंशात पीटीईएन नाही आणि पी-५३ही नाही. मेंदूतील गाठीपासून मिळविलेल्या डीयू-१४५ वंशात पीटीईएन आहे, परंतु मरणाचे छिद्र पाडणारे बॅक्स प्रथिनच नाही. तीन पेशीवंश, तीन निरनिराळ्या मोडतोडी. परिणाम मात्र एकच.

निवड की जुळवून घेणे?

वरील वर्णनात पेशी युक्ती वापरते, कवच चढविते अशी भाषा आली आहे. ती सोयीची असली तरी शब्दशः घेता कामा नये. पेशीला हेतू नसतो. मग प्रतिकार येतो कोठून? उपचारांपूर्वीच गाठीत काही प्रतिकारक्षम पेशी असतात आणि बाकीच्या मेल्यावर त्यांनाच रान मोकळे मिळते, की उपचारांच्या दडपणाखाली पेशी स्वतःत बदल घडवून आणतात? बॉल्टिमोर येथील जॉन आयझॅक्स आणि डोनाल्ड कॉफी यांनी १९८१ मध्ये उंदरांतील प्रोस्टेट-कर्करोगावर हा प्रश्न तपासला. त्यासाठी जीवाणूंच्या अभ्यासात १९४३ मध्ये वापरली गेलेली एक युक्तिवादपद्धती त्यांनी योजिली. प्रतिकार उपचारांमुळे निर्माण होत असेल तर तो सर्व प्राण्यांत जवळजवळ सारख्या प्रमाणात दिसावा. आधीपासून असलेल्या विरळ पेशींमुळे येत असेल तर एका प्राण्यात पुष्कळ, दुसऱ्यात अत्यल्प, अशी तफावत दिसावी. त्यांचा निष्कर्ष दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने, म्हणजे निवडीच्या बाजूने, पडला.

पुढील संशोधनाने या उत्तराला पुरवणी जोडली. काही गाठी उपचारांनंतर आपले स्वरूपच पालटतात. त्यांच्या पेशी ग्रंथीच्या पेशींसारख्या न राहता मज्जापेशींशी साम्य असलेले रूप धारण करतात आणि हार्मोनच्या ग्राही प्रथिनावाचूनच वाढू लागतात. पी-५३ आणि आरबी ही दोन्ही संरक्षक जनुके नष्ट झाली असता हे रूपांतर सुलभ होते, असे २०१७ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले. तेव्हा निवड आणि रूपांतर या दोन्ही गोष्टी घडतात, असे मानणे योग्य होय.

उपचारांच्या दृष्टीने

या ज्ञानाचा रुग्णाला काय लाभ झाला, हा प्रश्न वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे. २००४ मध्ये डोसिटॅक्सेल या औषधाने अशा रुग्णांचे आयुष्य वाढते हे प्रथमच सिद्ध झाले; परंतु ती वाढ माफक होती. एका मोठ्या चाचणीत रुग्णांचे मध्यम आयुर्मान १६.५ महिन्यांवरून १८.९ महिन्यांवर गेले. हार्मोननिर्मिती सर्वत्र, म्हणजे गाठीत आणि अधिवृक्क ग्रंथींतही, रोखणारे ॲबिराटेरोन अमेरिकेत २०११ मध्ये मान्य झाले, आणि हगिन्स यांचा १९४५ मधील विचार शस्त्रक्रियेवाचून फळाला आला. ग्राही प्रथिनाला अधिक बळकटपणे बांधून ठेवणारे एन्झाल्युटामाइड २०१२ मध्ये आले. डीएनएची दुरुस्ती करणारी जनुके ज्यांच्यात बिघडलेली आहेत अशा रुग्णांसाठी ओलापॅरिब हे औषध २०२० मध्ये मान्य झाले. त्यामागील तत्त्व असे की, गाठीच्या पेशींना दुरुस्तीचा उरलासुरला मार्गही बंद केला की त्यांना इजा सोसत नाही.

बीसीएल-२ या प्रथिनावर थेट आघात करण्याचा मार्ग रक्ताच्या काही कर्करोगांत यशस्वी झाला. त्यासाठीचे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ पासून वापरात आहे. प्रोस्टेट-कर्करोगात असे यश आलेले नाही. याचे कारण वर आलेल्या विवेचनातच आहे. या कर्करोगात पहारेकरी एक नसतो. बीसीएल-२ला हटविले तर बीसीएल-एक्सएल आणि एमसीएल-१ ही भावंडे त्याची जागा घेतात. आणि बीसीएल-एक्सएलला हटवावे तर रक्त गोठविणाऱ्या बिंबिका त्याच प्रथिनावर जगत असल्यामुळे त्यांची संख्या घटते. ज्या कवचाने रोगी पेशी जगते त्याच कवचाने निरोगी पेशीही जगत असतात, ही या क्षेत्रातील मूलभूत अडचण होय.

म्हणून संशोधनाचा भर आज दोन गोष्टींवर आहे. कोणत्या रुग्णाच्या गाठीत मरणाचा मार्ग नेमका कोठे तुटला आहे हे जनुकीय तपासणीने ओळखणे, ही पहिली. आणि पेशीने एक वाट बदलताच दुसरी अगोदरच अडविलेली असावी अशा रीतीने औषधांची सांगड घालणे, ही दुसरी. त्याबरोबरच ज्यांची गाठ मंदगती आहे अशा वृद्धांना शस्त्रक्रियेचा किंवा किरणोपचारांचा अनावश्यक त्रास न देता केवळ नियमित देखरेखीखाली ठेवणे, हेही याच ज्ञानाचे फलित आहे. हगिन्स यांच्या काळी कर्करोगाच्या पेशीला शरीराच्या आज्ञा ऐकू येतात, एवढे सिद्ध झाले होते. त्यानंतरच्या संशोधनाने ती कोणत्या आज्ञा ऐकेनाशी होते आणि का, हे दाखविले. ज्या आज्ञा तिला अद्यापि नाकारता आलेल्या नाहीत त्या शोधून काढणे, हे आता उरलेले काम आहे.